अँटिव्हायरसची खंडेनवमी

आप्पासोंनी बावीस वर्षं सैन्याच्या सिग्नल विभागात काढली आणि पेन्शनीत आल्यावर कडेगाव तालुक्यातल्या आमच्या दूध संस्थेचे दोन कॉम्प्युटर बिनपगारी सांभाळायला घेतले. माणूस हट्टी. अँटिव्हायरस घ्यायचं ठरलं, तेव्हा दुकानदाराच्या गोड बोलण्याला न भुलता त्यांनी दोन कॉम्प्युटरवर दोन वेगळे अँटिव्हायरस महिनाभर वापरायला घातले आणि रोज वहीत टिपणं काढू लागले. मी क्रांती, तिथं दुधाची नोंद करते. त्या वहीचा मला मनापासून वैताग यायचा.

पहिल्याला वेब संरक्षणाचं एकच बटण होतं, चालू नाहीतर बंद. आमचं दूध घेणाऱ्या संघाची वेबसाइट त्याला संशयास्पद वाटायची, म्हणून माहिती भरताना रोज सगळंच बंद करावं लागे. दुसऱ्यात तेवढ्या एका वेबसाइटला मुभा देता यायची आणि बाकीचा पहारा चालू राहायचा. तो बंद करायचा तर पासवर्ड लागे, आणि तो आप्पासोंकडे.

चेअरमन बाळासोंना पहिला पसंत. "आवं आप्पासो, एक बटन दाबलं की झालं. कशाला यवढी भानगड?"

"गेटवरचा संत्री सायबाला वळखत न्हाई, म्हणून संत्र्यालाच घरी धाडायचा व्हय? सायबाचं नाव सांगून ठेवावं त्याला. माजी निवड चुकली, तर परत ह्या कॉम्प्युटरला हात लावणार न्हाई."

ते शब्द पाळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरी एकट्या असलेल्या त्या माणसाचा सगळा जीव ह्या दोन यंत्रांत होता.

मग आली खंडेनवमी. कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू आणि दिवसभर विश्रांती. पण म्हशी काही खंडेनवमी पाळत नाहीत, त्यामुळे कॉम्प्युटर चालू ठेवावेच लागले. मी दोघांवर झेंडू वाहिला आणि म्हटलं, निदान अँटिव्हायरसला तरी आज सुट्टी देऊ. पहिला एका बोटात बंद झाला. दुसऱ्यानं पासवर्ड मागितला. शिष्ट मेला, असं म्हणून मी त्याचा नाद सोडला.

तासाभरात दसऱ्याच्या शुभेच्छांचा मेल आला. पहिल्या कॉम्प्युटरवर त्यातल्या लिंकवरून भेटकार्ड उघडलं आणि एकेक फाइल उघडायची बंद झाली. घाबरून तोच मेल दुसऱ्यावर उघडून बघितला, तर लाल पान आलं. वेबसाइट धोक्याची, वाट अडवलेली. मी गुपचूप पहिल्याचं बटण चालू केलं आणि आप्पासोंना फोन लावला. त्यांच्याकडे आदल्या दिवसापर्यंतच्या सगळ्या नोंदींची प्रत होती. गेली ती फक्त सकाळची नोंद. पावत्या बघून ती मी परत भरली.

दसऱ्यानंतर बैठक झाली. बाळासो तापले होते. "दोन-दोन बसवलं आन् तरी व्हायरस आला. तुमची परीक्षा बास. काडा दोनी बी!"

बटण चालू दिसत असताना व्हायरस शिरला कसा, हे आप्पासोंना उमगत नव्हतं. त्यांनी वही मिटली, चष्मा काढला आणि उठले. मला राहवेना.

"पहिला मी बंद केला हुता," मी म्हटलं. "खंडेनवमीची सुट्टी म्हणून. दुसरा बंद झाला न्हाई, म्हणून त्यो वाचला."

बैठकीत हशा पिकला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आप्पासो मात्र परत खाली बसले, वही उघडली आणि लिहिता लिहिता म्हणाले, "महिनाभर जी परीक्षा मला सुचली न्हाई, ती ह्या पोरीनं घेतली. आपली माणसं सणाला हत्यार खाली ठेवणारच. तवा पहारा एका बोटानं उतरता कामा नये."

दुसरा अँटिव्हायरस घ्यायचं ठरलं. बाळासो म्हणाले, "पासवर्ड तेवढा तुमच्याकडंच ठेवा, आप्पासो."

"न्हाई. ज्यानं चूक आपल्या तोंडानं सांगितली, त्याच्याच हातात चावी द्यायची. क्रांती, नवा घाल. मला बी सांगू नगंस."

औंदाच्या खंडेनवमीला मी दोन्ही कॉम्प्युटरवर झेंडू वाहिला आणि कामाला लागले. पासवर्ड अजून माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.