सरांना पास केलं तेव्हा

कोंडेसरांचं नाव आधी घेतो. मी आज सर्जन आहे तो त्यांच्यामुळे. हे सगळे जाणतात. पुढचं मात्र परवापर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही.

वेल्ह्याकडच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. भोरला बारावीला होतो, तेव्हा तिथे सर्जन असलेल्या सरांनी आपल्या दवाखान्याच्या माडीवर राहायला जागा दिली. खुर्चीच्या हाताला दोरा बांधून टाक्याच्या गाठी त्यांनीच शिकवल्या. असा माणूस चुकतोय, हे त्याच्या तोंडावर कसं सांगायचं?

हर्नियात बसवायच्या दोन जाळ्यांपैकी कुठली बरी, हे ठरवणारी एक चाचणी होती. त्यातल्या सगळ्या सर्जननी ऑपरेशन एकाच पद्धतीनं करायचं — नाहीतर पुढे कुणाला दुखलं, तर दोष जाळीचा की हाताचा, कसं कळणार? ती पद्धत शिकवायची, प्रत्येकाचं ऑपरेशन समोर उभं राहून बघायचं आणि पास करायचं, हे माझं काम. जाळी शिवण्याआधी तिथली नस शोधून बाजूला धरायची, नाहीतर ती टाक्यात अडकते आणि पुढे मांडी जळत राहते. हा टप्पा कुणीही सोडायचा नव्हता.

त्या सर्जनमध्ये कोंडेसरही होते. त्यांची पाळी आली. हात धुण्याआधी मी त्यांच्या पाया पडलो — परीक्षक असून. टेबलावर भाटघरचे धोंडिबा होते, कमरेखाली बधिर, पण जागे. सरांनी नस शोधलीच नाही. जुन्या सवयीनं सरळ टाके घातले. मी बघत होतो. एक शब्द पुरला असता.

"काय परीक्षक, पास का नापास?" सर मास्कआडून म्हणाले.

"सर, तुम्हाला मी काय नापास करणार!"

सिस्टर हसल्या. धोंडिबाही हसले. आणि मी खरंच पास केलं.

पण एवढंच असतं तर — नाही, एवढंच नाही. काही महिन्यांनी धोंडिबा बायकोला घेऊन दवाखान्यात आले, तेव्हा मी सरांच्या शेजारीच बसलो होतो.

"मांडीत इस्तू ठिवल्यावानी जळतंय डाक्टर. भात लावाया वाकता येत न्हाई."

"टाके उत्तम आहेत. मनातून काढून टाका," सर म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मग माझ्याकडे वळून, "सांग रे यांना."

मला माहीत होतं. तरी म्हणालो, "हो बाबा, मनाचंच आहे."

धोंडिबा बायकोला म्हणाले, "चल गं. धाकलं डाक्टरबी त्येच म्हंत्यात."

त्यानंतर भाताच्या किती लावण्या झाल्या. ते बांधावर बसून राहिले. मी दुसऱ्यांना नस शोधायला शिकवत राहिलो. थकलो आता. परवा सरांना पत्र पाठवलं, ते असं:

"सर, धोंडिबांची नस शोधायची राहिली होती. मी ते पाहिलं आणि तरी पास केलं. त्यांचं दुखणं मनाचं नाही. भाटघरला जाऊन त्यांना तसं सांगितलं, पुन्हा तपासायला पुण्याला नेतो आहे. चाचणीवाल्यांनाही कळवलंय. तुमची सगळी ऑपरेशनं आता तपासली जातील. तुमच्या जागी दुसरा कुणी असता, तर मी त्याला तिथेच थांबवलं असतं."