लालबागमध्ये गवत कापायचं मशीन

लालबागमध्ये मी गवत कापायच्या मशीनच्या दुकानात काउंटर सांभाळते म्हटलं की लोक आधी हसतात. "इथे गवत कुठाय गं?" अहो, गवत गावाला आहे, पण ते ज्यांचं आहे ते सगळे इथेच राहतात ना! एकेक जण येतो, मशीन घेऊन जातो आणि किस्सा ठेवून जातो. गोडाऊन रिकामं होतं, पण किस्से काही हलत नाहीत.

दुकानात आम्ही तिघंच. मालक अण्णा, मेकॅनिक प्रदीप आणि मी.

*

एक मालवणी काका आले. अण्णांनी दोन ब्रशकटर चालू करून दाखवले. खांद्याला अडकवायचा दांडा, पुढे गरगर फिरणारं पातं. एक शांत, दुसरा कानठळ्या बसवणारा.

"शांतवाला घ्या," अण्णा म्हणाले. "पेट्रोलही कमी पितो."

काकांनी दुसऱ्यावर हात ठेवला. "ह्योच व्हयो!"

"अहो, पण आवाज?"

"आवाजासाठीच तर! भावकीक कळाक व्हया, मशीन इला ता!"

*

एकदा फोन आला. "तुमचं मशीन बोगस आहे! नुसतं घरघरतंय, गवत जागचं हलत नाही!"

प्रदीपने फोन घेतला. पेट्रोल? आहे. क्लच? ठीक आहे. "पातं नीट आहे का?"

"एकदम नीट! मुलं आहेत ना घरात, कपाटात ठेवलंय."

*

ठाकूरद्वारचं एक नवीन जोडपं. मुरबाडला कुरण घेतलेलं, चार म्हशी पाळायच्या होत्या. त्यांना वर बसून चालवायचंच मशीन हवं होतं, कारण व्हिडिओत तसंच होतं!

अण्णांनी विचारलं, "जमीन सपाट आहे ना?"

"थोडासा स्लोप आहे." त्यांनी तिथल्या राखणदाराला व्हिडिओ कॉल लावला. तो बिचारा एका हाताने झाड धरून बोलत होता.

अण्णा बघतच राहिले. म्हणाले, "वर न्यायचं कसं ते तुम्ही बघा. खाली ते आपलं आपण येईल!"

*

लालबागमध्ये डेमो द्यायला गवत नाही. म्हणून प्रदीप एका गिऱ्हाइकाला घेऊन अँटॉप हिलला गेला. तिथल्या सरकारी कॉलनीमागे कंबरभर रान माजलेलं. मशीन सुरू झालं तशा सगळ्या खिडक्या उघडल्या.

"आले रे, आले! गवतवाले आले!"

एक आजी खाली येऊन म्हणाल्या, "बाळा, मागची बाजूपण घे हां." कुणी चहा आणला, कुणी पोहे. प्रदीपला नाही म्हणवेना. त्याने अख्खं मैदान साफ केलं!

गिऱ्हाईक तोंडभर पोहे खात मला फोनवर सांगतंय, "मॅडम, मशीन राहू दे. हा माणूस केवढ्याला?"

*

आणि सविताताई. भोईवाड्यात राहणाऱ्या, रिटायर्ड नर्स. आई गेली तेव्हा चिपळूणकडच्या गावी मागे राहिली एक गाय आणि चाऱ्याचं कुरण. गावातच राहणारा धाकटा भाऊ म्हणाला, "गवत कापायला माणूस मिळत नाही. गाय विकू."

"आईची गाय विकायची नाही," ताई म्हणाल्या आणि थेट आमच्या दुकानात आल्या. सगळी मशीनं खांद्यावर घेऊन बघितली आणि स्वतःला पेलेल असं हलकं निवडलं.

दिवाळीनंतर गवत कापणीला आलं तसे ताईंबरोबर मी आणि प्रदीप मशीन घेऊन गावाला गेलो. बांधावर निम्मा गाव जमलेला. भाऊ पुढे, हातात विळा. "मशीनचं गवत गाय खायची नाही. पेट्रोलचा वास येतो!"

ताईंनी गॉगल चढवला, दोरी ओढली आणि सुटल्या! दुपारपर्यंत अर्धं कुरण आडवं. मग गाय आणली. तिने एक पेंढी हुंगली. मी प्रदीपचा हात घट्ट धरलेला.

गाईने तोंड घातलं ते वर काढलंच नाही! ताई तिच्या गळ्यात पडून रडल्या. भाऊ विळा पाठीमागे लपवून निघून गेला.

ताईंनी मशीन खोलीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन मुंबईला परत आल्या.

त्याच आठवड्यात दुकानात फोन. भावाचा. आवाज अगदी बारीक.

"मॅडम, ताईकडून खोलीची किल्ली मागून द्या ना. माझं नाव सांगू नका... गाय विळ्याचं गवत हुंगते आणि तोंड फिरवते!"