उभा हात, आडवा हात

आमच्या वडगावच्या घरात न्हाणी आणि आईचा हातमाग यांच्यामध्ये एकच भिंत आहे. मागच्या वर्षी त्या भिंतीतून ओल पलीकडे उतरली आणि अर्ध्या विणलेल्या साडीच्या काठावर पिवळा डाग पडला. थोरला भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "ओल थांबत नसेल तर माग काढून टाका. आता विणतंय कोण?" विणत होती ती आई, आणि फोन तिच्याच हातात होता. तिनं तो मला दिला आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. माग हलवायला दुसरी खोली नाही. भिंत सुकली तरच तो राहणार होता.

हिंडलग्याहून गवंडी आला. टिळकवाडीतल्या शाळेत मी मुलांना शिकवते, पण त्या दिवसांत माझा जीव न्हाणीतच अडकलेला. मला आपलं वाटायचं, फरशीच पाणी अडवते. गवंडी हसला. "फरशी दिसायला वो, बाई. सांध्यातनं पाणी आत जातंयच. अडवायचं ते फरशीच्या मागं."

मग मी त्याला काही सोडलं नाही. भिंतीला छिन्नीनं टाचे कशाला मारता? नवा गिलावा धरायला. भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा गोल कशाला करता? "पाण्याला बसायला जागाच द्यायची न्हाय." शेवटी शेवटी मी दारात उभी राहिले की तो प्रश्नाची वाट न बघताच उत्तर देऊन मोकळा व्हायचा.

कोपऱ्यांवर चिकटवायला त्यानं पांढऱ्या जाळीची पट्टी काढली, तेव्हा आईला राहवेना. तिनं पट्टी दोन बोटांत चोळून पाहिली, उलटी करून पाहिली. "याला काठच न्हाय की," तिनं नापसंती दाखवली. जाळी काचेच्या धाग्यांची निघाली. संध्याकाळपर्यंत आई बोटं खाजवत होती आणि जाळीवाल्याचा उद्धार करत होती.

मग त्यानं सिमेंटमध्ये ओल अडवायचं औषध कालवून राखाडी लेप केला. तो बघून आईचे डोळे चमकले. विणण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, कुंच्यानं खळ लावतात. लेप तसाच दाट होता. "मी लावते," ती म्हणाली. गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ब्रश तिच्या हातात दिला. आईनं वरून खाली असा एकसारखा हात मारला की तो बघतच राहिला.

"झ्याक झालं, आक्का. आता हे वाळलं की उद्या दुसरा हात आडवा मारायचा. सकाळी मला दुसरीकडं काम हाय, तुम्हीच मारा."

"व्हय, व्हय," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं तो हातही उभाच मारला. मी हटकलं तर माझ्यावरच उखडली. "आडवा कुंचा फिरवला की धागा पिंजतो. जन्मात असलं केलं न्हाय मी!" भिंतीत धागा कुठला, हे तिला कोण सांगणार?

लेप पुरता वाळल्यावर गवंड्यानं न्हाणीचं भोक बोळा घालून बंद केलं, पाणी भरलं आणि भिंतीवर नळी सोडली. दुपारी मी न्हाणीत उभी, आई पलीकडे भिंतीला हात लावून. थोड्या वेळानं तिचा आवाज आला. "आली गं ओल. आली."

मी पळत गेले. खाली बारीक उभ्या रेघांत भिंत काळवंडली होती. गवंड्यानं न्हाणीच्या भिंतीशी बॅटरी तिरकी धरली. ब्रशच्या केसांमधून सुटलेल्या बारीक जागा वरपासून खालपर्यंत उघड्या दिसल्या. दोन्ही हातांत त्या एकाच रेषेत आल्या होत्या.

आईनं त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग स्वतःशीच म्हणाली, "नुस्ता ताणाच घातला की गं मी. आडवा बाणा कुठाय?"

भिंत सुकल्यावर तिनं पुन्हा ब्रश उचलला. तो आडवा धरला. तिनं एकदा डोळे मिटले आणि भिंतीवर डावीकडून उजवीकडे पहिला फटकारा ओढला. आईला घाबरलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

लेप वाळल्यावर पुन्हा पाणी भरलं. पुन्हा मी अलीकडे, ती पलीकडे. दिवस कलायला आला.

"आई, आली का?"

मी भिंतीवर थाप मारली.

"आई, ओल आली का गं?"

आता पलीकडे जावं म्हणून मी पाण्यातून पाय उचलला. तेवढ्यात भिंतीमागून मागाचा आवाज सुरू झाला. खट. खट. खट.