शिंप्याच्या आजीपुढचा क्रूस

माझ्या मावशीला बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी वाचता येतात, आणि हे मी ओळखपाळख नसलेल्या माणसालाही सांगतो. बायको म्हणते, "अहो, त्यांनी फक्त वेळ विचारली होती." असू दे. चर्चच्या मागच्या खोलीत, दोन लोखंडी कपाटांच्या मध्ये मावशी भिंग घेऊन बसते. लोक पणजोबा-खापरपणजोबा शोधत तिच्याकडे येतात. जुन्या धर्मगुरूंची कोंबडीचे पाय उमटल्यासारखी अक्षरं ती घडाघडा वाचते. घाई करणाऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवते. नम्रपणा तिच्या वाटेला कधी गेला नाही, आणि मला त्याचंही कौतुकच आहे.

एकदा मी तिच्याकडे बसलो असताना आमच्या कोपऱ्यावरचा म्हातारा शिंपी आला. त्याच्या घराण्याचा मेळावा भरणार होता. दूरच्या चुलतभावाने हॉलच्या भिंतीवर लावायला वंशावळ केली होती आणि तिच्यात शिंप्याच्या आजीपुढे क्रूस काढला होता. म्हणजे पोर जन्मताच वारली. वारलेल्या पोरीला नातवंडं कुठली? शिंप्याची अख्खी शाखाच गायब!

"तो म्हणतो, तुझी आजी कुठून तरी आणलेली असेल," शिंपी म्हणाला. "ताई, म्हातारपणी मी माझ्याच घरात परका झालो हो." त्याचे डोळे भरून आले.

चुलतभावाने ज्या नोंदीवरून हा शोध लावला होता, ती मावशीने काढली. लिहिलं होतं: ‘मृत्यूच्या भीतीने सुईणीने घरीच पाणी घातले.’

मावशी भडकली. "मरेल अशी भीती वाटली, एवढंच आहे इथे. मेली असं कुठं लिहिलंय? जित्याजागत्या पोरीला पुरून मोकळा झाला की हा शहाणा!"

मग तिने आम्हाला समजावलं. बाळाचं काही खरं दिसत नसलं, की धर्मगुरूची वाट न बघता सुईण स्वतःच बाप्तिस्म्याचं पाणी घालायची. बाळ वाचलं, तर पुढे त्याला चर्चमध्ये आणून राहिलेले विधी पुरे करायचे आणि त्याची वेगळी नोंद व्हायची.

"जगली असेल तर आणली असणारच," मावशी म्हणाली.

आधी तिने दफनाची वही पाहिली. तिथे पोर नव्हती. पण बाप्तिस्म्याच्या वहीत राहिलेल्या विधींची नोंदही त्या वर्षात सापडली नाही. शिंप्याने टोपी उचलली. "राहू द्या ताई. माझ्या नशिबातच नाही."

"नशीब तुमच्या दुकानात ठेवा, मास्तर. बसा खाली."

तो बसला. मावशीचा चहा तसाच गार झाला. पुढच्या वर्षाची पानं उलटता उलटता ती एकदम थांबली आणि मोठ्याने वाचू लागली. आईबापांची नावं तीच, सुईण तीच. ‘नदीपलीकडचे घर व आईचे आजारपण यामुळे उशीर. आज राहिलेले विधी पूर्ण केले. मुलगी दारापासून आत स्वतःच्या पायांनी चालत आली.’

"परत वाचा," शिंपी म्हणाला. मावशीने परत वाचलं. एरवी एकदा सांगितलेलं ती दुसऱ्यांदा सांगत नाही.

"चालत आली!" म्हातारा रडत रडतच हसायला लागला. "माझीच आजी ती!"

मावशीने सही-शिक्क्याची नक्कल त्याच्या हातात ठेवली. चुलतभाऊ तसा वाईट माणूस नव्हता. नक्कल वाचून वरमला आणि सगळ्यांना आणायला त्याने स्वतःच सांगितलं. सगळे म्हणजे किती, हे विचारायला मात्र विसरला.

मेळाव्याला मावशीला पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि तिथे बसायचा तिला जराही संकोच वाटत नव्हता. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो, छाती फुगवून. वंशावळीतला क्रूस खोडला होता. तेवढ्यात दार उघडलं. पुढे शिंपी, त्याच्यामागे त्याच्या बहिणी, भाऊ, लेकी, सुना, जावई, कडेवरची पोरं. जन्मताच वारलेल्या त्या मुलीचा गोतावळा आत येतच राहिला, आणि हॉलमधल्या खुर्च्या कमी पडल्या.