विजयश्रीताईंची स्वतःची दहा मिनिटं

सव्वीस वर्षं टीव्हीवर सासू, मावशी, न्यायाधीश आणि एकदा तर चक्क सरपंच होऊन खणखणीत बोललेल्या विजयश्रीताई चिखलीच्या आपल्या फ्लॅटमध्ये फोन कानाला लावून गप्प उभ्या होत्या. पलीकडे रणजीत बोलत होता. रणजीत म्हणजे निघोज्याचा, त्यांच्या माहेरच्या भावकीतला. पुढच्या निवडणुकीला उभा राहायच्या बेतात होता, त्यामुळे हल्ली फोनवरही माईकसमोर असल्यासारखाच बोलायचा.

"आत्या, आपल्या गावची कन्या, घराघरात पोचलेली, अख्ख्या महाराष्ट्राची सासू. रविवारी महिला मेळाव्यात तुमचा सत्कार ठरलाय. शाल, श्रीफळ आणि दहा मिनिटं तुमचं मनोगत. विषय, 'माझा प्रवास'."

"मनोगत कशाला रे? शाल दे, नमस्कार करते, खाली बसते."

"असं कसं आत्या? बायका तुमचंच ऐकायला येणारेत."

फोन ठेवून ताईंनी मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे, मग समोर. मालिकेत धक्का बसला की तो तीन कॅमेऱ्यांना तीनदा द्यावा लागतो. ती खोड हाडात मुरलेली. घरात दूध उतू गेलं तरी ताई आधी तीनदा बघायच्या आणि मग गॅस बंद करायच्या.

आता दहा मिनिटं बोलायला एवढं घाबरायचं काय, असं कुणालाही वाटेल. पण मालिकेचं काम वेगळं असतं. सीन सकाळी लिहून येतो, दुपारी शूट होतो, पाठ करायला कुणाला सवड? मग कॅमेऱ्यामागे एक जण कागद घेऊन उभा राहतो आणि ओळ वाचतो. नटानं ती उचलायची आणि अभिनयासकट म्हणायची. याला प्रॉम्प्टिंग म्हणतात, आणि ताईंइतकं चोख प्रॉम्प्टिंग घेणारं दुसरं कुणी नव्हतं. ओळ कानातून आत गेली की तोंडातून बाहेर. मध्ये डोक्याला त्रास नाही.

त्यात भावजयीचा फोन आला. गोजाबाई साधी बाई, मनात काही नसायचं, पण नेम चुकायचा नाही.

"वन्सं, टीव्हीत बोलता ते तर लिवलेलं असतंय. आता आमाला तुमचं सवताचं ऐकाया मिळंल. व्हय ना?"

"हो वहिनी," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. स्वतःचं म्हणजे काय बोलायचं? खूप शोधलं. आत नुसत्या सासवाच सापडल्या.

शेवटी त्यांनी दोन फोन केले. पहिला प्रीतमला. तो त्यांच्या मालिकेचे संवाद लिहायचा. त्यानं अर्ध्या तासात दोन पानं मनोगत पाठवलं. दुसरा फोन नवनाथला. नवनाथ मूळचा बीडचा, नऊ वर्षं ताईंना ओळ देणारा माणूस. लग्न झाल्यावर सेटवरचं काम सोडून चाकणच्या कंपनीत लागला होता.

"मॅडम, टेन्शन घेऊच नका. मी यायलो ना. तुमच्या मागं फ्लेक्स राहील का नाही? त्याच्या मागं उभं राहतो. कुणाला कळायचं नाही. फक्त मला तीनची शिफ्ट हाय, तेवढं बघा."

"अरे, बाराचा कार्यक्रम आहे."

बाराचा कार्यक्रम पावणेदोनला सुरू झाला. निघोज्याच्या मंगल कार्यालयात तीनशे बायका, वर गरगरणारे पंखे आणि स्टेजवर ताईंच्या चेहऱ्याचा दोन मजली फ्लेक्स. आमदार आले नाहीत, म्हणून रणजीतनं त्यांच्या वाटणीचंही भाषण करून टाकलं. ताई माईकपाशी आल्या तेव्हा अडीच वाजले होते. फ्लेक्समागून ओळखीचा, दबका, सपाट आवाज आला.

"आज मागं वळून पाहताना."

"आज मागे वळून पाहताना," ताई म्हणाल्या, आणि सभागृह एकदम शांत.

"माझ्या वाटेवर काटेही दिसतात, फुलंही दिसतात."

ताईंनी काट्यांना भुवई दिली, फुलांना हसू दिलं. बायका भारावल्या. गोजाबाई दुसऱ्या रांगेत पदर सावरून ऐकत होत्या. पाच मिनिटं सगळं लोण्यासारखं चाललं. मग फ्लेक्समागे काहीतरी थरथरलं.

"हॅलो. हा साहेब."

"हॅलो," ताई गंभीरपणे म्हणाल्या. "हा साहेब."

"निघालोच साहेब. पाय मुरगळला व्हता."

"निघालोच साहेब." ताईंनी आवंढा गिळला. "पाय मुरगळला होता." पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला.

"बसमधीच हाय साहेब. इंजिनाचा आवाज यायलाय बघा."

"बसमध्येच आहे साहेब," ताई क्षितिजाकडे बघत म्हणाल्या, "इंजिनाचा आवाज..."

आणि थांबल्या. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. समोर बघितलं. समोर तीनशे बायका होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांच्या नवऱ्यांनी हेच वाक्य कधी ना कधी याच सुरात सुपरवायझरला ऐकवलेलं होतं. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू पुढच्या रांगेपर्यंत लोळत आलं. रणजीत टाळ्या वाजवत बसला, कारण त्याला काहीच कळलं नव्हतं.

"नवनाथ, बाहेर ये," ताई म्हणाल्या.

नवनाथ बाहेर आला. एका हातात फोन, दुसऱ्यात कागद.

"हा नवनाथ. नऊ वर्षं मी जे बोलले ते आधी हा बोलला. तुम्ही मला जेवढ्या शिव्या दिल्यात, त्यातल्या निम्म्या याच्या."

"मॅडम, जाऊ का?" नवनाथ कुजबुजला. माईकनं ते सगळ्यांना ऐकवलं. "तीनचं पंचिंग व्हायचंय."

"जा बाबा."

त्यानं कागद ताईंच्या हातात दिले आणि धूम ठोकली. ताईंनी कागद डोळ्यांजवळ धरले, मग लांब धरले. चष्मा चिखलीला. आज वाचायचं नाही म्हणून मुद्दाम आणला नव्हता. ताईंनी कान टवकारले. मागून काहीच येईना.

"वन्सं," गोजाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तुमचा पयला रोल कसला व्हता वो?"

"मढ्याचा," ताईंच्या तोंडून गेलं.

सभागृह पुन्हा फुटलं.

"खरंच सांगते. पिंपरीला कंपनीत वायरी जोडायचे मी. कामगारांच्या नाटकात होते, तिथं एकानं बघितलं आणि बोलावलं. म्हटलं, आता हिरॉईन. गेले तर तिरडी तयार. नाकावर माशी बसली, ती उठंना. मी काय हलले न्हाई. डायरेक्टर म्हणला, ही बाई टिकणार."

आपण 'न्हाई' म्हणालो हे ताईंच्या लक्षातही आलं नाही. पुण्याच्या अभिनयाच्या वर्गात घासूनघासून काढलेलं ते गावचं बोलणं सुळकन परत आलं होतं. मग गोष्टीत चिखलीच्या मंडईतली बाई आली. तिनं ताईंना कोथिंबीर द्यायला नकार दिला होता. "सुनेला उपाशी ठेवतीस आन् वर कोथिंबीर मागतीस व्हय?" ताईंनी तिचा आवाज असा काढला, की लोक मागं वळून तिला शोधू लागले. मग गुडघ्याचं ऑपरेशन आलं.

"दोन महिन्यांची रजा मागितली. सकाळी सेटवर गेले, तर भिंतीवर माझाच फोटो, वर हार. मला म्हणले, मॅडम, तुम्ही रात्रीच गेलात. एकसुद्धा वाक्य लिहिलं नव्हतं. फोटोला कसलं वाक्य."

"मंग तुमी काय म्हणला?" एक बाई उभीच राहिली.

"काहीच न्हाई. ओळच आली नव्हती. गाडीत बसले आणि घरी आले." ताई थांबल्या. या वेळी मान कुठंच वळवली नाही. "पण मला म्हणायचं होतं, की मारा, तुमची मालिका आहे. पण एवढी वर्षं घरात होते तुमच्या, एकदा विचारून तरी मारायचं."

टाळ्या कडाडल्या. गोजाबाईंनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. "ह्ये लिवलेलं न्हाई बरं का."

तीन वाजून गेले होते. रणजीत शाल घेऊन जवळ आला. "आत्या, दहा मिनिटं म्हणलो होतो. जेवणं खोळंबलीत. बुंदी गार झाली."

"बुंदी गारच असते रे," ताई म्हणाल्या. त्यानं खांद्यावर टाकलेल्या शालीतून त्यांनी उजवा हात मोकळा काढला, कारण पुढचा प्रसंग हातवाऱ्यांशिवाय सांगता येण्यासारखा नव्हता. "बस जरा तिथं. हां, तर बायांनो, एकदा माझी सून भर मांडवात बेशुद्ध पडायची होती, आणि पडली खरोखरच..."