तेलात घोटलेली हळद

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चावर गावगुंडांनी काठ्या चालवल्या, तेव्हा माझी पाठ फुटली. झरीच्या बाजारात एक म्हातारी कोरफडीचं मलम विकायची. तिच्यापुढं जाऊन बसलो. ती कोमट तेलात हळद घोटत होती, घोटतच होती.

"आजी, टाका की सरळ कोरफडीच्या गरात. मोर्चा पुढं गेला."

"गरात हळद विरघळत न्हाई, लेकरा. कण जखमंत खुपतेत. आधी तेलात मुरू दे."

मग गर घालून तिनं मलम आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं.

मी मुद्दाम म्हणालो, "मी बौद्धवाड्यातला आहे. हात लावाल?"

"मंग? तुझ्या पाठीला हळद येगळी घोटू व्हय?"

तिनं बोटांनीच मलम लावलं. मोर्चाची पत्रकं मीच लिहायचो. 'सारं गाव वैरी' हे वाक्य मी पुढच्या पत्रकाच्या मसुद्यातून खोडलं. मारणाऱ्यांची नावं मात्र ठेवली.