बोटीनं आलेलं धान्य

खजुरी गावात गंगव्वाला पाठीमागं सगळे 'कामूनव्वा' म्हणतात आणि हे तिला ठाऊक आहे. तिची त्याबद्दल तक्रार नाही. नाव ठेवणाऱ्यांपैकी एकानं तरी कधी तिच्या 'कामून'ला, म्हणजे 'का'ला, नीट उत्तर द्यावं, एवढंच तिचं म्हणणं.

लग्नात नवरदेवाच्या हातातली कट्यार बघून ती विचारते, "हे कुणावर चाल करून जायलाय? पोरगी तर राजीखुशीनं द्यायलेत." मोहरमात अलाव्याच्या आगीभोवती गावातल्या सगळ्या जातींची पोरं नाचतात. ते बघता बघता एकदा तिनं शेजारच्या मास्तरांना गाठलं. "करबला करबला म्हणत्यात, ते कोण्या तालुक्यात येतं?" मास्तर भला माणूस. त्यांनी तिला शाळेत नेऊन पृथ्वीच्या गोळ्यावर इराक दाखवला. गंगव्वानं खजुरीच्या अंदाजानं एक बोट ठेवलं, इराकवर दुसरं ठेवलं आणि दोन्ही बोटांमधल्या निळ्या पाण्याकडे बघत राहिली. "एवढ्या लांबचं दुःख इथवर कुणी आणलं असंल?" ती म्हणाली. मास्तरांनी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, आणि ती ते घरी येऊन नवऱ्याला सांगेपर्यंत स्वस्थ बसली नाही.

नवरा, गुंडेराव, या सगळ्याला सरावलेला. "मला लग्नातच कळाय पाहिजे होतं," तो कट्ट्यावर बसून लोकांना सांगतो. "मी अक्षता पडायची वाट बघायलोय, अन ही अंतरपाटाच्या पलीकडून भटाला विचारायली, मधी कापड कामून धरलंय म्हणून."

"मंग सांगितलं का त्यानं?" गंगव्वा आतून विचारते.

जगातल्या सगळ्या गोष्टींना प्रश्न विचारणाऱ्या या बाईनं एका गोष्टीला मात्र कधी हात लावला नव्हता. ती म्हणजे तिचा सोमवार.

तिचा मुलगा माउली लहान असताना पावसाळ्यात त्याला तुरीच्या रानात साप चावला होता. आळंदच्या दवाखान्यात त्याचे डोळे मिटत चालले होते, आणि व्हरांड्यात फरशीवर कपाळ टेकून गंगव्वानं महादेवाला नवस बोलला होता : पोरगं उठून बसू दे, मी मरेपर्यंत सोमवार सोडणार न्हाई. पोरगं उठून बसलं. त्या दिवसापासून सोमवारी सूर्य मावळेपर्यंत तिनं ज्वारीचा कण तोंडात घातला नाही. दुपारी साबूची खिचडी, त्यात बटाटा, शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची. संध्याकाळी दिवा लावून मग भाकरी. माउली मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याची मुलगी मंजुश्री कडगंचीला विद्यापीठात इतिहास शिकू लागली. तो स्वतः हैदराबादहून मालाचा ट्रक चालवतो. सोमवारी गंगव्वा उपाशी असते तेव्हा तिला वाटतं, आपल्या पोटातल्या या रिकामेपणानंच त्याच्या गाडीची चाकं रस्त्यावर धरून ठेवली आहेत. हे तिनं कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

या श्रावणाच्या तोंडावर डॉक्टरांनी तिची साखर तपासली आणि कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "साबू बंद. बटाटा बंद. भगरपण बंद. गोळी घ्यायची, आणि गोळीनंतर वेळेवर भाकरी-भाजी."

"अन सोमवारी?"

"सोमवारी काय साखर सुट्टीवर जाते का, आजी?"

गंगव्वानं मान हलवली. सोमवार आला तेव्हा तिनं साबू खाल्ला नाही. डॉक्टरांचं ऐकलं. भाकरीही खाल्ली नाही, कारण महादेवाचं ऐकायचं होतं. गोळी तेवढी घेतली आणि निरंकार पोटानं मुगाच्या शेंगा तोडायला गेली. ऊन डोक्यावर आलं तसे तिचे हात थरथरायला लागले, घामानं चोळी भिजली आणि मुगाची ओळ सोडून ती बांधाकडे वळत असतानाच खाली बसली, मग आडवी झाली.

शेजारच्या रानात मंगल होती. ती धावत आली.

मंगल आणि गंगव्वा दोघी निर्णा गावच्या लेकी. मंगलचं घर बौद्धांच्या गल्लीत होतं, गंगव्वाचं वेशीजवळ. माहेरी दोघी एका ओढ्यावर धुणं धूत मोठ्या झाल्या आणि योगायोगानं एकाच गावात नांदायला आल्या. त्यांची रानं लागून आहेत. बांधावर बसून दोघींनी एकमेकींच्या फडक्यातली चटणी इतकी वर्षं खाल्ली आहे. घरी मात्र एकमेकींकडे पाण्यापुढं काही झालं नव्हतं. गंगव्वाची सासू होती तोवर ते चाललं नसतं. सासू गेल्यावर कुणी अडवणारं नव्हतं, पण सवयच राहून गेली होती.

मंगलनं आपल्या फडक्यातला गुळाचा खडा तिच्या दातांत सरकवला. "गिळ. गिळ म्हणते ना, गंगाक्का."

"सोमवार हाय."

"मेल्यावर मंगळवार बुधवार सगळे एकच हायेत. गिळ."

गंगव्वानं गिळलं. थोड्या वेळानं डोळे उघडले, आणि पहिली गोष्ट तिनं विचारली ती, "गूळ चालतो ना गं उपासाला?"

मंगल हसली आणि तिनं तिला धरून बसवलं.

संध्याकाळी मंजुश्रीचा फोन आला. आजोबांनी कळवलं होतं.

"आज्जी, तू असं करणार असशील तर मी शिकायचं सोडून घरी येऊन बसते."

"ये की. शेंगा तोडायला माणूस मिळंना झालंय."

"चेष्टा नको. साबूशिवाय उपास होत नाही असं कुणी सांगितलं तुला? साबू आपला नाहीच मुळी. दक्षिण अमेरिकेतला कंद आहे तो, त्याचे गोळे करतात. बटाटा तिकडचा. शेंगदाणा तिकडचा. मिरचीसुद्धा. पोर्तुगीज लोकांच्या बोटी आल्या, त्यांच्यातून हे सगळं उतरलं. चार-पाचशे वर्षं झाली फक्त."

गंगव्वा उठून बसली. "मिरची बोटीनं आली?"

"हो."

"मंग त्याच्या आधी लेकराची दिष्ट कशानं काढीत होते?"

"विचारते मी कुणाला तरी," मंजुश्री म्हणाली.

"अन उपासाला काय खात होते?"

"तेच तुला सांगतेय. काहीतरी वेगळंच खात होते. म्हणजे बदलतंय ना सगळं."

फोन ठेवल्यावर गंगव्वानं चुलीपुढच्या डब्यांकडे नजर टाकली. साबू, बटाटे, शेंगदाणे, मिरच्या. सोमवारच्या खिचडीतलं सगळं परक्या मुलखातून आलेलं, आणि ज्वारी तेवढी चालत नाही. पाहुण्यांना पाटावर बसवायचं आणि घरच्या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, असं काहीतरी तिला ते दिसलं. पण विचार इथवर आला की माउलीची गाडी आठवे आणि ती डब्यांकडे पाठ फिरवी.

पुढच्या दोन दिवसांत तिनं देवळातल्या पुजाऱ्यांना विचारून घेतलं. ते म्हणाले, "शक्ती नसंल तर देव माफ करतो." गंगव्वाला माफी नको होती. माफी म्हणजे मोडलं तर खरंच. तिला न मोडता जेवायचं होतं, आणि जेवूनही बोल राखायचा होता. तसा रस्ता कुणी दाखवीना, आणि सोमवार जवळ यायला लागला.

शनिवारी दोघी मुगातच होत्या. मंगलनं शेंगांची ओटी पाटीत रिकामी केली आणि विचारलं, "परवा काय करणार हायस?"

"तुझी उपासाची पुनव कवा हाय?"

"परवाच. सोमवारीच पडलीय."

"तू काय खातीस?"

"जे घरात असंल ते. भाकर, आमटी. पर सूर्य डोक्यावरून ढळायच्या आत. मंग दुसऱ्या दिवसापर्यंत काई न्हाई. आमच्यात काय खाल्लं ते बघत न्हाईत, कवा थांबलीस ते बघत्यात."

"मी बोलले तवा सूर्य मावळंपर्यंत बोललेय ना." गंगव्वाच्या हातातली शेंग फुटली आणि हिरवे दाणे मातीत पडले. "मोडलं अन त्याला काई झालं तर, मंगल? मी काय खाऊन जगू मंग?"

मंगल बांधावर बसली. तिनं पदराच्या टोकानं मानेचा घाम पुसला.

"तुझी माय सोमवार करायची," ती म्हणाली.

"करायची. माझ्या भावासाठी. कधी मोडला न्हाई तिनं."

"दुष्काळात आपण निर्ण्याच्या तळ्यावर खडी फोडायला जायचो, आठवतंय का? आपल्या दोघींच्या माया एका रांगंत बसायच्या. साबू सोड, पाव्हण्याला च्या करायला साखर नव्हती गावात. तवा सोमवारी तुझी माय काय खायची?"

"काईच न्हाई."

"आपण पाणी आणायला गेलाव की खायची. तू माघारी पडायचीस, मी आधी यायची, म्हणून मी बघितलंय. मिलोची भाकर खायची ती. ती लाल, रेशनची. माझी माय तिला म्हणली, अक्का, सोमवार न्हाई का? तर तुझी माय म्हणली, मिलो आपलं धान्य न्हाई गं, अमेरिकेतून बोटीनं आलंय. महादेवानं बंदी घातली तवा हे कुठं होतं? बोटीनं आलेल्याचा दोष लागत न्हाई."

गंगव्वानं पाटी बाजूला सारली.

"खोटं."

"बुद्धाची शपथ घालत न्हाईत आमी, नाहीतर घातली असती. मला हसू आलं होतं तवा, म्हणून ध्यानात ऱ्हायलं. हातोडा उचलायचा होता तिला दिवसभर. तू बारकी होतीस. तुला सांगितलं असतं तर तू 'कामून' म्हणून सगळ्या तळ्याला ऐकवलं असतंस."

गंगव्वाला आधी राग आला, मग तो कुणावर ते कळेना. तिच्या डोळ्यांपुढं आईचे हात आले, खडीच्या पांढऱ्या धुळीनं माखलेले, भाकरीचा लाल तुकडा पदराआड लपवणारे. आणि तिचा भाऊ. तो अजून निर्ण्यात आहे, दात पडलेत, सुनेशी भांडतो. धडधाकट आहे.

घरी आल्या आल्या तिनं मंजुश्रीला फोन लावला.

"मंजू, ज्वारी कुठली?"

"कुठली म्हणजे?"

"आपली का बाहीरची?"

"थांब, आज्जी." पलीकडं मैत्रिणींचा आवाज, दार लावल्याचा आवाज. "आफ्रिकेतली. सुदानच्या बाजूची, असं अभ्यास करणारे म्हणतात. तिकडं पहिल्यांदा पेरली. मग इकडं आली. फार जुनी गोष्ट आहे, हजारो वर्षांची. बहुतेक समुद्रानंच आली असावी."

"समुद्रानं म्हणजे बोटीनं."

"बोटीनंच. का गं?"

"काई न्हाई. अभ्यास कर."

गुंडेराव दारात सगळं ऐकत उभा होता. तो पुढं आला. "मंग झालं तर! ज्वारीबी पाव्हणीच निघाली. ती आधीच्या बोटीनं आली, बटाटा मागनं. टाक परवा तव्यावर भाकर."

गंगव्वा हसली नाही. हिशेब बसला होता. आईनं दाखवलेल्या वाटेवर ज्वारीही चालत येऊन उभी राहिली होती. पण तिच्या मनातली भीती बोटीनं आलेली नव्हती. ती दवाखान्याच्या व्हरांड्यातली होती, थंड फरशीची. तिला अमेरिका, आफ्रिका काही माहीत नव्हतं.

रविवारी तिनं माउलीला फोन केला. तो जहीराबादजवळ गाडी लावून चहा पीत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, आजवर न सांगितलेलंही. चाकांचं सांगताना तिचा आवाज बारीक झाला.

माउलीच्या मागून गाड्या जात होत्या.

"आई, मला तो साप आठवतबी न्हाई," तो म्हणाला. "रान आठवतं, साप न्हाई. पर बाबांनी फोनवर सांगितलं ना, तू मुगात पडलीस म्हणून. ते मी बघितलेलं न्हाई अन तरी रोज डोळ्यापुढं येतंय. परवा पुढच्या गाडीनं दाबला ब्रेक, अन मी तिकडंच होतो, मुगाच्या रानात. थोडक्यात वाचलो."

"देवा!"

"देवाला कशाला हाक मारतीस? तू जेव. तू जेवलीस हे मला कळलं की माझं ध्यान रस्त्यावर ऱ्हाईल. जेवल्यावर मला फोन कर. दर सोमवारी."

"व्हय," गंगव्वा म्हणाली.

सोमवारी सकाळी अंघोळ करून तिनं महादेवाच्या पिंडीवर पाणी घातलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. काय बोलली ते तिनं गुंडेरावाला सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. मग गोळी पदराच्या गाठीत बांधून ती मंगलच्या घराकडे निघाली.

मंगल विहारातून नुकतीच आली होती. पांढरी साडी, केस अजून ओले. गंगव्वाला दारात बघून ती तव्यापासून उठली. "आत ये की. दारात कशाला उभी हायस?"

"तुझी पुनव, माझा सोमवार. एकटीनं खाल्लं तर घास उतरायचा न्हाई मला."

मंगलनं दुसरं ताट काढलं. गरम भाकरी, पातळ आमटी. गंगव्वानं गोळी घेतली, पाणी प्यायली आणि ताटाकडे बघत राहिली. भाकरीतून वाफ येत होती.

"लवकर कर बाई," मंगल म्हणाली. "तुझा महादेव थांबंल, माझा सूर्य थांबत न्हाई."

पहिला घास तिच्या तोंडात बराच वेळ फिरला. तिनं डोळे मिटले होते. मग घास गेला, त्याच्यामागून दुसरा. बाहेर उन्हं मंगलच्या उंबऱ्यावर सरकत होती. भाकरी संपली तशी गंगव्वानं पदरानं तोंड पुसलं, कमरेचा फोन काढला आणि माउलीचा नंबर लावला.

"जेवले," ती म्हणाली. "व्हय, ज्वारीचीच. तू कुठं हायस? बरं. सावकाश जा."

फोन ठेवून तिनं ताट मंगलपुढं सरकवलं. "अजून अर्धी हाय का?"